गुरुवारचा दादा

दसऱ्याचे सोने वाटून झाले, की आमच्या सोसायटीत रंगाच्या डब्यांची झाकणे उघडू लागतात. जिन्यात पत्र्याचे डबे, भिंतीला टेकलेली शिडी, जुन्या वर्तमानपत्रांनी झाकलेली फरशी आणि या सगळ्यावर पसरलेला ताज्या ऑइलपेंटचा नि टर्पेंटाइनचा वास! दिवाळी म्हटली की कुणाला चकलीच्या भाजणीचा वास आठवतो, कुणाला उटण्याचा, कुणाला फटाक्यांच्या दारूचा. मला मात्र कित्येक वर्षे दिवाळीचा वास म्हणजे नव्या रंगाचा वास असेच वाटत आले होते. लोणावळ्याच्या आमच्या घराची दारे-खिडक्या दर दोन वर्षांनी हिरव्या रंगाने रंगवली जात. तिथला पाऊस असा, की वर्षभरात त्या रंगाचे पोपडे निघत. ओल्या दाराशी नाक नेऊन मी डोळे मिटून श्वास ओढीत असे. आई स्वयंपाकघरातून ओरडे, "अगं, रंग लागेल नाकाला!"

रंग नाकाला लागेल, एवढीच तिची भीती. तो नाकातून पुढे कुठे जातो, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते.

आता तो वास आला, की मी घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडते आणि रंगाऱ्यांनाही दारे उघडायला लावते. शेजारच्या काकू म्हणतात, "मॅडमना ॲलर्जी आहे." मी होकार देऊन मोकळी होते. ॲलर्जी हा मोठा सोयीचा शब्द आहे. तो उच्चारला की पुढचा प्रश्न कुणी विचारीत नाही. खरे कारण सांगायचे तर मला माझ्या दादाची हकीकत सांगावी लागेल, आणि त्या हकीकतीत माझे स्वतःचे वागणे मुळीच भूषणावह नाही. पण दिवाळीचा अंक घरातली सगळी माणसे वाचतात. त्यांतल्या एखाद्या घरी असा एखादा दादा असेल, तर सांगायला हवे.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आमचे वडील रेल्वेत होते. बोरघाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटणाऱ्या इंजिनांवर त्यांची नोकरी झाली. ते गेले तेव्हा दादा एकोणीस वर्षांचा होता आणि मी चौथीत. दादाने आय.टी.आय.मधून रंगकामाचे शिक्षण घेतले आणि १९९३ साली चिंचवडच्या बाजूला एका लहानशा कारखान्यात तो चिकटला. मोठ्या कारखान्यांचे सुटे भाग तिथे रंगायला येत. दादाच्या हातात फवाऱ्याची गन असे. सकाळच्या लोकलने जायचे, रात्रीच्या लोकलने यायचे. माझी शाळा, कॉलेज, एम.ए.ची फी, पुस्तके, हे सारे त्या रंगाच्या खोलीतून आले. पोरीला एवढे शिकवून काय करायचे, असे नातेवाइकांनी म्हटले की दादा म्हणे, "मी पत्र्याला चकाकी आणतो, ती पोरांच्या डोक्याला आणेल."

कामाचा त्याला विलक्षण अभिमान होता. रस्त्यात उभ्या असलेल्या मोटारीवरून तो हळूच तळहात फिरवी आणि रंगाचे किती हात दिले आहेत ते सांगे. "रंग मारणे कुणालाही जमते," तो म्हणे, "थिनर किती घालायचा हे कळले म्हणजे माणूस कारागीर." थिनर हा शब्द मी प्रथम ऐकला तो असा, मोठ्या सन्मानाने.

आणि दादा माळकरी. वडील गेले त्याच वर्षी त्याने देहूला जाऊन गळ्यात तुळशीची माळ घातली. मांस-मच्छी बंद, दारूचा तर प्रश्नच नव्हता. संध्याकाळी हरिपाठ तोंडपाठ. सकाळच्या लोकलमध्ये चार-पाच जण टाळ घेऊन बसत, त्यांत दादाचा आवाज वरचा. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव अशी स्टेशने मागे पडत आणि इंद्रायणीच्या खोऱ्यातल्या भातखाचरांवरून तो आवाज जाई. पुण्याला कॉलेजात जाताना मी बायकांच्या डब्यात बसून तो ऐकत असे आणि मैत्रिणींना सांगत असे, "तो आमचा दादा."

तो आवाज केव्हा खाली उतरला, ते नेमके सांगता येत नाही. अशा गोष्टींना तारीख नसते. दाराचा रंग उडतो तसे ते असते. रोज पाहणाऱ्याला दिसत नाही. २००३-०४ च्या सुमारास वहिनी सांगू लागल्या, की हे फार विसरतात. बाजारात तूरडाळ आणायला गेले नि मीठ घेऊन आले. हसण्यावारी गेले. कारखान्यातून आल्यावर डोके भणभणते म्हणून तो अंधारात पडून राही. तेही उन्हावर गेले. मग तो चिडू लागला. ज्या दादाने मला एवढ्या वर्षांत कधी चापट मारली नव्हती, त्याने आपल्या लेकीच्या पाटीवरचा पाढा चुकला म्हणून पाटी फोडली आणि मग स्वतःच हुंदके देऊन रडला. एका रात्री तो लोणावळ्याऐवजी मळवलीलाच उतरला आणि गाडी निघून गेल्यावर, आपण कुठे आहोत हे न कळून, फलाटावरच्या बाकावर दीड तास बसून राहिला. ज्या स्टेशनवरून तो दहा वर्षे रोज दोनदा जात होता, ते स्टेशन!

आणि एका संध्याकाळी देवापुढे हरिपाठ म्हणताना तो मध्येच थांबला. पुढचा शब्द येईना. आईने मागून शब्द पुरविला. तो पुढे निघाला, पुन्हा अडला. मग काही न बोलता उठला आणि मागीलदारी जाऊन उभा राहिला. आई मला म्हणाली, "त्याच्या डोक्यावर संसाराचा भार आहे गं." आम्ही सगळे कारणे शोधण्यात मोठे हुशार असतो, फक्त खरे कारण सोडून.

आता ती भाऊबीज. ३० ऑक्टोबर २००८, वार गुरुवार. वाराला महत्त्व आहे, म्हणून सांगते. पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेचा भार सगळीकडे एकाच दिवशी पडू नये म्हणून केलेली ती जुनी सोय. म्हणजे दादाला त्या दिवशी दुहेरी सुट्टी. पण मालाची निकड होती आणि जादा पैसे मिळणार होते, म्हणून मालकाने बोलावले नि तो गेला. मी पुण्याहून सकाळीच आले होते. कॉलेजात लागून मला दोन वर्षे झाली होती. नव्या लेक्चररचा तोरा अंगावर होता, नवी साडी होती, आणि दादासाठी आणलेला महागाचा शर्ट होता.

तो रात्री साडेआठला आला. डोळे तांबारलेले. उंबऱ्याला पाय अडखळला नि तो आपल्याशीच हसला. पाटावर बसताना भिंतीचा आधार घेतला. मी तबक घेऊन पुढे झाले, आणि निरांजनाच्या उजेडात त्याच्या श्वासाचा वास माझ्या नाकाशी आला. गोडसर, उग्र, डोक्यात जाणारा वास. बाहेर पोराने फटाका लावला, तसा दादा ताडकन उठून त्याच्यावर असा काही ओरडला, की आळीतली माणसे दारात आली.

मी तबक खाली ठेवले आणि म्हणाले, "दादा, गळ्यात माळ घालून ही थेरं करतोस? निदान भाऊबिजेला तरी शुद्धीवर यायचं होतंस."

तो माझ्याकडे पाहत राहिला. आपण काय ऐकले, ते समजायला त्याला वेळ लागला. तेवढा वेळ मी दारुड्याचाच धरला. मग त्याने दोन्ही हातांनी गळ्यातली माळ काढली, देव्हाऱ्यात ठेवली आणि म्हणाला, "तुम्हालाच खरं वाटत नसेल, तर ही कशाला?"

ओवाळणी झाली नाही. मी शेवटच्या लोकलने परत आले. वाटेत मला वाईट वाटले. पण ते दादाबद्दल वाटले, माझ्याबद्दल नव्हे.

पुढची दोन वर्षे वहिनींनी डॉक्टर केले, वैद्य केले, आईच्या समाधानासाठी एक देवऋषीसुद्धा केला. एकाने ताकदीच्या गोळ्या दिल्या, एकाने झोपेच्या. एकाने "टेन्शन घेऊ नका" असे सांगून शंभर रुपये घेतले. मनाचे डॉक्टर झाले. त्यांनी उदासीनतेवरचे औषध दिले; त्याने तोंड कोरडे पडले, बाकी काही नाही. प्रत्येकाने विचारले, "दारू पिता का?" दादा नाही म्हणे. समोरचा डॉक्टर वहिनींकडे पाही. वहिनी खाली पाहत. कारण खरे सांगायचे तर त्यांच्याही मनात किंतु आलाच होता. त्यांनी त्याच्या डब्याची पिशवी चोरून तपासली होती, असे त्यांनी मला फार पुढे सांगितले.

अखेर २०१० साली पुण्यात एका वयस्क डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गेलो. त्यांचे बरेचसे आयुष्य कारखान्यांतले कामगार तपासण्यात गेले होते. त्यांनी नाडी पाहण्यापूर्वी एक प्रश्न विचारला, "काम काय करता?"

दादाने सांगितले. मग अर्धा तास त्या तेवढेच विचारीत राहिल्या. रंग कुठला? थिनर दिवसाला किती लागतो? खोलीला खिडकी किती? पंखा चालू असतो का? दादा म्हणाला, ओल्या रंगावर धूळ बसते म्हणून पंखा बंद ठेवतात. पावसाळ्यात हवेच्या ओलीने रंगावर पांढुरकी साय धरते, म्हणून दारेही लावतात. तोंडाला काय बांधता? रुमाल. हात कशाने धुता? "थिनरनेच. दुसऱ्या कशानं रंग निघतोय?" जेवता कुठे? तिथेच.

मग त्यांनी विचारले, "सुट्टीच्या दिवशी कसे असता?"

दादा विचार करू लागला, पण वहिनी एकदम बोलल्या, "गुरुवारी हे अगदी पहिल्यासारखे असतात हो! संध्याकाळपर्यंत डोकं उतरतं, पोरांशी बोलतात, हसतात. चार दिवस गावी गेलो तर माणूसच वेगळा. मी म्हणते ना, मला गुरुवारचा नवरा द्या, बाकीचे सहा दिवस नको."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. सहा-सात वर्षे निदान आमच्या घरात दर आठवड्याला येऊन जात होते, आणि आम्ही पंचांग पाहावे तसे दवाखाने पाहत हिंडत होतो.

"काम काय करता?" हा प्रश्न त्यांचा स्वतःचा नव्हता. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो, की रोग्याला काय विचारावे हे हिपोक्रॅटिसने सांगून ठेवले आहे. त्यात आपण आणखी एका प्रश्नाची भर घालावी, तुझा धंदा कोणता? तीनशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्न. लोणावळा ते पुणे एवढ्या वाटेवर त्याला आम्हाला भेटायला दोन वर्षे लागली.

मग चाचण्या झाल्या. त्या पाहून मला प्रथम हसू आले. शाळेतले खेळच ते. काही आकडे ऐकवायचे आणि तसेच म्हणून दाखवायचे. दादाने ते म्हटले. मग तेच आकडे उलटे म्हणायचे. तीन आकड्यांपर्यंत ठीक. चौथ्याला गाडी घसरली. ठोकळ्यांची नक्षी जुळवायची. आकड्यांखाली खुणा लिहीत जायचे, घड्याळ लावून. डोळ्यांनी अंदाज घेऊन पत्र्यावर एकसारखा रंग देणारा माझा दादा ठोकळे हातात धरून घामाघूम झाला होता. माझे हसू केव्हाच विरले होते.

"तुम्ही मराठी शिकवता ना?" डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. "मग द्रावक या शब्दाचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्याला विरघळवतो तो द्रावक. थिनर म्हणजे टोल्युइन, झायलीन, ॲसिटोन अशा चार-पाच द्रावकांचे मिश्रण. ते तेलकट वस्तूत सहज शिरते. मेंदूतले पाणी वगळले, तर निम्म्याच्या आसपास स्निग्ध पदार्थच उरतात. मेंदू काही विरघळत नाही; पण तिथल्या पेशींच्या वेष्टनात ही वाफ शिरते आणि निरोपांची ये-जा मंदावते. पोटात गेलेल्या पदार्थाला आधी यकृताची चौकी लागते. श्वासातून गेलेली वाफ ती चौकी चुकवून रक्तातून थेट मेंदूत जाते. म्हणून झिंगल्यासारखे होते. ही झिंगच आहे. फक्त मागितलेली नाही."

शस्त्रक्रियेपूर्वी गुंगीसाठी वापरलेली पहिली औषधे याच गोतावळ्यातली. १८४६ साली बोस्टनच्या इस्पितळात ईथर हुंगवून शस्त्रक्रिया केली, त्याच्या दुसऱ्या वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म वापरला, आणि साऱ्या जगाने टाळ्या वाजविल्या. थोडा वेळ हुंगून माणूस निजतो, हे जगाला इतके जुने ठाऊक. तसलीच वाफ थोडी थोडी, दिवसाचे आठ तास, पंधरा वर्षे हुंगली तर काय होते, एवढाच हिशेब करायला उशीर झाला.

तोही काहींनी वेळेवर केला होता. पॅरिसच्या ऑगुस्त देल्पेश या डॉक्टराने १८५६ साली रबराच्या कारागिरांविषयी लिहिले. रबर पक्के करायला ते कार्बन डायसल्फाइड वापरीत. आधी चढेल उत्साह, कारण नसताना राग. मग उदासी, विसराळूपणा, हातापायांतले बळ जाणे. इंग्लंडमध्ये रबराच्या कारखान्यांतल्या खिडक्यांना, भान हरपलेल्या कामगारांनी बाहेर उड्या घेऊ नयेत म्हणून गज बसविल्याचे डॉ. टॉमस ऑलिव्हर यांनी १९०२ साली नमूद केले आहे. खिडकीला गज बसवायचे सुचले. खिडकी उघडायचे सुचले नाही! हेच कार्बन डायसल्फाइड पुढे कृत्रिम रेशमाच्या, म्हणजे रेयॉनच्या, उद्योगात आले. आपल्याकडच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने ज्या रोगांची खबर सरकारला देणे बंधनकारक केले, त्या यादीत शिसे, पारा, मँगॅनीज यांच्या जोडीला कार्बन डायसल्फाइड नि बेंझिनही होते. यादी चांगली होती. पण खबर देण्यासाठी आधी रोग ओळखावा लागतो, आणि रोग ओळखण्यासाठी तो प्रश्न विचारावा लागतो.

रंगाऱ्यांकडे बारकाईने पाहिले ते उत्तर युरोपातल्या लोकांनी. १९७० नंतरच्या दशकात फिनलंडमध्ये हेलेना हॅनिनेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारी रंगविणाऱ्या शंभरएक कामगारांच्या अशाच चाचण्या घेतल्या आणि तुलनेसाठी रेल्वेचे इंजिन चालविणारे लोक घेतले. रंगारी स्मरणात नि चपळाईत मागे पडले. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. तुलनेचे ते दोन्ही गट आमच्या एकाच घरात होते. वडील साठीला टेकत आले तरी डोक्याने लख्ख होते. मुलगा अडतिसाव्या वर्षी आकडे उलटे म्हणू शकत नव्हता.

डेन्मार्कमध्ये या दुखण्याला सरळ रंगाऱ्यांचा आजार असेच नाव पडले. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेने कोपनहेगनला तज्ज्ञ जमवून त्याच्या तीन पायऱ्या ठरविल्या. पहिलीवर फक्त स्वभाव बदलतो: चिडचीड, थकवा, कशात मन न लागणे. वाफेपासून दूर नेले तर माणूस पूर्ववत होतो. दुसरीवर स्मरण आणि एकाग्रता उणावते आणि ते चाचणीत दिसते. थांबले तर वाढत नाही, पण सगळे परत येईलच असे नाही. तिसरीवर बुद्धीच ढासळते. सगळ्या डॉक्टरांचे यावर एकमत नव्हते. दारू, वय, मुळातली बुद्धी यांचा वाटा किती, यावर अमेरिकेतल्या नि युरोपातल्या लोकांनी खूप वाद घातले. असे वाद व्हावेतही. पण रंगाची खोली उघडी ठेवायला वाद मिटण्याची वाट कशाला पाहायची?

दादा दुसऱ्या पायरीवर होता. पहिल्या पायरीवर तो होता तेव्हा आम्ही त्याला तापट म्हणत होतो.

मला त्या दिवशी आणखी एक गमतीची गोष्ट कळली. टोल्युइन शरीरात गेले की यकृत त्याचे हिप्प्युरिक आम्ल करून लघवीवाटे बाहेर टाकते. हे नाव ग्रीकमधल्या घोड्याच्या शब्दावरून आले, कारण लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८२९ साली ते घोड्याच्या मूत्रात ओळखले. म्हणजे शरीर बिचारे घोड्यासारखे राबून दोन-चार दिवसांत वाफ धुऊन काढते. म्हणूनच तो गुरुवार. पण शुक्रवारी पुन्हा घडा भरायचा. रोज धुतलेल्या भांड्यालाही वर्षानुवर्षांनी डाग धरतोच ना?

डॉक्टरीणबाईंनी निरोप देताना चार गोष्टी सांगितल्या. त्या इथे लिहून ठेवते, कारण कुणाच्या तरी उपयोगाच्या आहेत. फडके किंवा रुमाल वाफ अडवीत नाही; धुळीचा साधा मास्कही नाही. त्याला कोळशाची डबी असलेला मुखवटा लागतो, आणि ती डबीही ठरावीक काळाने बदलावी लागते. कारखान्यात देतात ते दूध नि गूळ पोटाला बरे. वाफेवर त्यांचा काही उपाय नाही. या वाफा हवेहून जड असतात, खाली साचतात; खड्ड्यात, टाकीत, बंद खोलीत काम करणाऱ्याने जास्त जपावे. आणि थिनरने हात धुऊ नयेत, साबण नि तेल वापरावे. "पण हे सगळे शेवटचे," त्या म्हणाल्या. "पहिले म्हणजे वाफ खेचून बाहेर टाकणारा पंखा, आणि जमेल तिथे पाण्यात मिसळणारा रंग."

जानेवारी २०११ मध्ये दादाने काम सोडले. मालकाकडे मी स्वतः गेले होते, भांडायच्या तयारीने. त्यांनी मला चहा दिला आणि विचारले, "तुमचे बंधू आमच्याकडे होते याला कागद काय?" अठरा वर्षांत दादाजवळ नेमणुकीचा एक कागद नव्हता. चहा अर्धा टाकून मी उठले. दादाच्या जागी उभा असलेला पोरगा विशीतला होता. तोंडाला रुमाल होता. मी त्याला बाहेर बोलावून पाच मिनिटे सांगितले. त्याने नीट ऐकून घेतले नि म्हणाला, "मॅडम, मग खायचं काय?" मला उत्तर आले नाही. वर्गात मी फार बोलते. तिथे पाच मिनिटांत माझे शब्द संपले.

मग मी लोणावळ्याला गेले. देव्हाऱ्यातली माळ घेतली, दादासमोर बसले आणि भाऊबिजेबद्दल क्षमा मागितली. दोन वर्षे मनात जुळविलेली वाक्ये एकदाची बोलून टाकली.

दादा गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. "कुठली भाऊबीज?" तो म्हणाला. "तू कधी काय बोललीस?"

"मग ही माळ देव्हाऱ्यात कशी आली?"

त्याने माळ हातात घेतली, मणी चाचपले. "तुटायला आली होती, म्हणून ठेवली असेल," तो म्हणाला, आणि गळ्यात घातली.

माळ तुटायला आलेली नव्हती. तो खरोखरच विसरला, की मला सोडविण्यासाठी विसरला, हे मला आज इतक्या वर्षांनीही ठाऊक नाही. डॉक्टरीणबाईंनी एवढ्या चाचण्या घेतल्या, पण ही ओळखायची चाचणी त्यांच्याजवळही नव्हती. क्षमा मिळाली म्हणावे तर ती देणाऱ्याला अपराधच आठवत नाही. आणि आठवत नाही म्हणावे, तर त्या अपराधाच्या तपशिलाचा ओझेदार आता मी एकटीच. मेंदूतून काही गोष्टी पुसल्या जातात याचे मला दुःख होत असे. काही पुसल्या जात नाहीत, याचेही असते हे तेव्हा कळले.

आता दादा लोणावळ्याच्या बाजारात आमच्या एका नातेवाइकांच्या चिक्कीच्या दुकानात बसतो. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसे पावसासारखी कोसळतात तेव्हा तो गल्ल्यावर बसत नाही. त्याला घाई झेपत नाही. तो वजन करतो. खिशात एक वही असते, तीत सगळे लिहिलेले: कुणाला काय द्यायचे, घरी काय न्यायचे, लेकीचा फोन केव्हा येतो. चिडणे जवळजवळ गेले. डोके दुखत नाही. हरिपाठ तो म्हणतो, पण समोर पोथी ठेवून. आवाज मात्र परत आला आहे. वहिनी म्हणतात, "सातांपैकी पाच दिवस गुरुवार असतात." उरलेल्या दोन दिवसांबद्दल त्यांची तक्रार नाही. मलाही आताशा आठवड्याचा हिशेब मागावासा वाटत नाही.

गेल्या दिवाळीत मी गेले तेव्हा आमच्या घराला रंग चालला होता. बाहेरून चुना, आत पाण्यात कालवायचा रंग. दारांना मात्र ऑइलपेंटच हवा, असा आईचा हट्ट. लोणावळ्याच्या पावसापुढे दुसरे काही टिकत नाही, असे तिचे मत. म्हणून दारे बिजागऱ्यांतून काढून अंगणात आडवी मांडली होती आणि कामाला आलेला पोरगा उघड्या हवेत ब्रश फिरवीत होता. घर बिनदाराचे. राजमाचीकडून येणारे वारे पुढून शिरून मागून जात होते. दादा खुर्ची टाकून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसला होता आणि तिथूनच ओरडत होता, "अरे, थिनर कमी! आणि थोडा उठून फिरून ये की, रंग कुठे पळून जात नाही!"

पोरगा हसला नि उठला. दादाने खिशातून वही काढली, काहीतरी लिहिले. मी वाकून पाहिले. लिहिले होते: 'भाऊबीज. ताई येणार. ओवाळणी.'

मी तर समोरच उभी होते.